पावाच्या डब्यातली पत्रं

लापशीला उकळी फुटली आणि तेवढ्यात दार वाजलं. नॉर्मा क्लेगने चमचा तसाच पातेल्यात सोडला. आज शुक्रवार. मदतनीस ग्लेनिस यायची ती मंगळवारी, आणि ती दार वाजवायची ते दोन बोटांनी, हळूच. ही थाप अनोळखी होती.

"नॉर्मा, तुला न्यायला आलेत बघ!" जिन्यावरून क्लिफर्ड ओरडला. या घरात खोल्या पाच, माणसं पाच, स्वयंपाकघर एक आणि बडबड सगळी क्लिफर्डच्या वाटणीची.

"तुझंच वॉरंट असेल, मेल्या. आधी पायजम्याची नाडी बांध."

दारात तिशीची एक मुलगी उभी होती, गळ्यात ओळखपत्र. "मिसेस क्लेग? मी शबनम रझाक. गावच्या कौन्सिलमधून आलेय. आज नऊची वेळ पत्रानं कळवली होती तुम्हाला."

नॉर्माची नजर फळीवरच्या पावाच्या डब्याकडे गेली. तोंड मात्र हसलं. "हो हो, ये की पोरी. दूध किती घालू चहात?"

नॉर्माचं असंच होतं. सव्वीस वर्षं तिनं बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरले, हात यंत्रासारखा चालायचा. मग नवरा गेला आणि काहीतरी आतून सुटलं. आतला पत्ता दिसणारं, पारदर्शक खिडकीचं सरकारी तपकिरी पाकीट दाराच्या फटीतून आत पडलं की बोटं गार पडायची. पहिलं पाकीट तिनं घड्याळामागे ठेवलं, पुढची खणात. खण बंद होईना झाला तेव्हा एक माणूस आला तो थेट कुलूप बदलायलाच. थकलेल्या भाड्याच्या नोटिसा त्याच पाकिटांत पडून होत्या. घर गेलं. काही महिने दवाखान्यात काढल्यावर खोलीबरोबर मदतनीसही देणाऱ्या या मदतीच्या घरात तिला जागा मिळाली. आता मंगळवारी ग्लेनिस शेजारी बसते, पाकिटं फोडते, वाचते. दोघी मिळून उत्तरं लिहितात. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

शबनमने टेबलावर कागद पसरले. "आमच्याकडे दोन याद्या आहेत, मिसेस क्लेग, आणि त्या जुळत नाहीत. घर चालवणारी संस्था म्हणते, हे मदतीचं घर. घरभाडे भत्त्याच्या यादीत तुम्ही साध्या भाडेकरू. आमच्याच गावात अशी घरं किती, त्यांत कोण राहतं, हे आम्हालाच धड ठाऊक नाही, तर वर सरकारला काय कळवणार? म्हणून मी घरोघर फिरतेय."

"आणि मी साधीच ठरले तर?"

शबनमने कप खाली ठेवला. "तर भत्ता कमी होईल. तेवढ्या पैशांत या खोलीचं भाडं भागणार नाही. ग्लेनिसचे तासही जातील."

"साधी म्हणून लिहिलं कुणी?"

"मार्चमध्ये आमचे एक साहेब आले होते. त्यांनी लिहिलंय, घर स्वच्छ, बाई हसतमुख, लिहिता-वाचता येतं. काही अडचण नाही म्हणाल्या. मदतीची गरज नाही."

नॉर्माला तो माणूस आठवला. बूट पुसून आत आला होता बिचारा. कसं चाललंय म्हणाला, तेव्हा तिनं या गल्लीत जो तो सांगतो तेच सांगितलं होतं. झकास. दारात आलेल्या परक्या माणसापुढे रडगाणं गायचं, ही काय रीत झाली?

"गेल्या वर्षी इथून रुग्णवाहिकेत घातलं तेव्हाही झकासच म्हणाली होती ही," क्लिफर्ड दारातून म्हणाला. "मीच ऐकलंय."

"तू गप रे!"

शबनमने पेनचं टोपण काढलं. "आता मला सांगा. कसं चाललंय?"

"झक..." नॉर्मा थांबली. करपल्याचा वास आला तशी ती उठली, शेगडी बंद केली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. मग तिनं फळीवरचा पावाचा डबा उघडला. पाव बाजूला केला, खालून पाकिटं काढली आणि शबनमपुढे ठेवली.

सगळ्यात वरच्या पाकिटावर कौन्सिलचा शिक्का होता. पाकीट न फोडलेलं.

"हे तर माझंच पत्र," शबनम म्हणाली.

"मंगळवारपर्यंत तिथेच असतं सगळं."

"पण तुम्हाला वाचता..."

"वाचता सगळं येतं गं. क्लिफर्डच्या आधी शब्दकोडं मीच सोडवते. उघडता येत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "ग्लेनिस नसेल तर पुन्हा तो कुलूपवाला येईल."

शबनमने कागद उलटसुलट करून पाहिला. वाचता येतं का, याला हो आणि नाही असे दोनच चौकोन. तिनं दोन्ही रिकामे सोडले आणि समासात लिहायला घेतलं. समास पुरेना तेव्हा कागदाच्या मागे लिहिलं.

"काय लिहिलंस ते वाच बघू," नॉर्मा म्हणाली.

"मिसेस क्लेग यांना पत्र उघडता येत नाही. याच कारणाने आधीचं घर गेलं. दर मंगळवारी मदतनीस पत्रं उघडते. मी पाठवलेलं पत्रही न उघडलेलं पाहिलं. मदत चालू हवी. नोंद दुरुस्त करावी."

क्लिफर्डने दारातूनच मान डोलावली.

"शेवटचा शब्द माझ्या हातात नाही," शबनम उठत म्हणाली, "पण हे जोडल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही. काय ठरलं ते पत्रानं..." आणि तिनं जीभ चावली.

नॉर्मानं दार उघडून धरलं.

"पत्र नको पाठवूस, पोरी. जे ठरेल ते सांगायला येऊन दार वाजव."