जावयाकडे मागायला गेलेले डॉक्टर

डॉ. निकुंभ सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी तुम्हीही चार ओळी पाठवा, असा त्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरांचा मस्कतला फोन आला. मी सातवीतून शाळा सोडलेला वेल्डर. नोकऱ्याही सारख्या बदलतो. पण सरांबद्दल लिहायला बसलो आणि उठवेना.

पहिल्या भेटीच्या वेळी मी विशीत होतो. शौचातून रक्त जायचं. मालेगावहून नाशिकला येताना दोनदा एसटी थांबवायला लावली होती. कंडक्टरच्या शिव्या खातच सीबीएस स्टँडवर उतरलो आणि दवाखाना गाठला. सरांनी आधी संडास कुठे आहे ते दाखवलं, मग नाव विचारलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा होण्याचा हा आजार. औषधांनी काही काळ दबला, मग ऐकेना. मोठ्या सर्जननी सांगितलं, आतडं काढून शौचासाठी पोटाला पिशवी लावू. माझा पासपोर्ट नुकताच हातात आलेला. पिशवीवाल्याला परदेशात कोण नेणार, एवढंच डोक्यात फिरायचं.

तेव्हा सर म्हणाले, "आपल्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. तुझी वस्ती विस्कटलीय. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून एनिमानं आत सोडली तर ती पुन्हा बसेल, असं काही डॉक्टरांचं म्हणणं आहे. मी वाचलंय, केलेलं नाही. गुण येईलच असं म्हणणार नाही."

आई लगेच म्हणाली, "माझी घ्या." तिच्या तपासणीत जंत निघाले. ताई गरोदर. राहिले ताईचे मालक, देवळ्याचे दाजी. तब्येत ठणठणीत. पण इथे आई अडली. "लेकीच्या घरचं मी पाणी पीत नाय, डॉक्टरसाहेब. जावयाकडं हे कोणत्या तोंडानं मागू?"

"तुम्ही मागूच नका," सर म्हणाले.

रविवारी मला घेऊन सर स्वतः एसटीने देवळ्याला गेले. दाजी कांद्याच्या चाळीपाशी उभे होते. सरांनी हात जोडले. "मी माझ्या पेशंटसाठी मागायला आलोय. सासूबाईंनी पाठवलेलं नाही."

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "येवढंच शे का, साहेब? मला वाटलं किडनी मागता!" मग माझ्याकडे वळले. "काय शालकबुवा, लग्नात मला अंगठी द्यायला कुरकुर केली होती ना? आता आमचा आहेर घ्या!" ताई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि इतके गंभीर सर, तेही.

दाजींच्या सगळ्या तपासण्या झाल्या. मग ते नाशिकला लॉजवर राहिले. सकाळी डबा घेऊन "ताजा माल!" करत दवाखान्यात शिरायचे आणि बाकड्यावरचे पेशंट बघत राहायचे. सर आतून ओरडायचे, "अहो, हळू!" त्या सकाळी आज फार आठवतात. हळूहळू रक्त थांबलं. आतडं पोटातच राहिलं आणि मी मस्कतला आलो.

पुढे एकदा त्रास उलटला. फोनवर मी म्हटलं, दाजींना बोलावू का? सर कडाडले, "आधी गोळ्या का सोडल्यास ते सांग!" दुसऱ्या एका पेशंटला याच उपायाने काहीच फरक पडला नाही, हेही सरांनीच मला सांगितलं. "एक तू बरा झालास म्हणून शास्त्र होत नाही," म्हणाले. मला शास्त्र कळत नाही. आईला जावयासमोर मान खाली घालावी लागली नाही, हे कळतं.

सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. वेळेवर भूक लागो, खाल्लेलं अंगी लागो आणि रोज सकाळी पोट साफ होवो. लोक हसतील, पण आम्हा पोटाच्या रोग्यांना याहून मोठा आशीर्वाद ठाऊक नाही.