बायोडेटातला ‘टॉल’

“उभी राहू नकोस, बस! बस म्हणतो ना खाली!” मामा ओरडला तेव्हा ताई पोह्यांचा ट्रे टीपॉयवर ठेवून सरळ होत होती. कामोठ्याच्या आमच्या हॉलमध्ये मुलगा, त्याची आई आणि काका सोफ्यावर बसले होते, आणि तिघांच्याही माना वर वर चालल्या होत्या.

ताई पाच फूट दहा. कामोठ्यात वीज गेली की शेजारी वर बघून तिला विचारायचे, पनवेलात आहे का? मामानं बायोडेटात मात्र पाच-पाच लिहिलं होतं, आणि पुढे ‘टॉल, फेअर, होमली’. पाच इंच त्यानं शुद्ध बेशरमपणानं छाटले होते.

हा ‘टॉल’ आमच्या लोकांत कसा वापरतात, ते मी ताईची आधीची तेरा स्थळं बघून शिकलोय. मुलगा पाच-चार भरला की टॉल. दाराच्या वरच्या कडीला हात पोचला की टॉल. मुलगी पाच-तीनपासून टॉल, ती पाच-सहापर्यंत. त्यावर गेली की शब्दच गायब, आणि बायका ‘जरा उंचच आहे हो’ असं कुजबुजतात, जणू पोरीला दमा आहे. असल्या मोजपट्टीनं मी घरच्या पडद्याचं कापडसुद्धा कापून घेणार नाही.

तेराही वेळा ताई पोक काढून बसली होती. या मुलाशी मात्र ती दोनदा फोनवर बोलली, खरी उंची सांगितली. तो म्हणाला, मला काही प्रॉब्लेम नाही. तिला तो आवडला. याच्यासमोर वाकणार नाही, एवढं तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून मामा ओरडत राहिला आणि ती ताठ उभी राहिली.

मुलाच्या आईनं त्याला तिच्याशेजारी उभं केलं. त्यांच्या बायोडेटातला ‘टॉल, हँडसम’ ताईच्या कानापर्यंत आला, तोही केसांचा कोंबडा धरून. मामा म्हणाला, ताईच्या पायाखालच्या टाइल्स जरा वर आल्यात. मुलाची आई म्हणाली, कळवतो, आणि पोहे तसेच टाकून सगळे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. होकार. आमची आई देवापुढे साखर ठेवायला धावली. मामा तर ‘मी जमवलं’ सांगत वॉचमनपर्यंत जाऊन आला. फोन अजून चालूच होता. फक्त एक गोष्ट, मुलगा म्हणाला. ताईनं फोन स्पीकरवर टाकला. त्याच्या आईचं म्हणणं असं, की अंतरपाटाच्या वेळी त्याच्या पायाखाली तीन पाट ठेवायचे, ताईनं जमिनीवर उभं राहायचं आणि गुडघ्यांत थोडं वाकायचं. साडीत कुणाला कळणार नाही. नंतर फोटोत तिनं बसूनच राहायचं.

“एवढंच. चालेल ना?”

“नाही,” ताई म्हणाली.