डॉक्टरीणबाईंचे हात

डॉक्टरीणबाई काही डॉक्टर नव्हत्या. नवरा होमिओपॅथीचा डॉक्टर, एवढीच त्यांची पदवी. दवाखाना खाली, घर वर. येणारे निम्मे लोक खाजेचे. कुणाला इसब, कुणाच्या अंगावर पित्त उठलेलं. डॉक्टर प्रत्येकाला तासभर विचारत बसायचे. तहान किती लागते, झोप कोणत्या कुशीवर येते, राग आला की बोलता की गिळता. बाकावर थांबलेले लोक म्हणायचे, इथं खाज दाखवायला यावं आणि आत्मचरित्र सांगून जावं.

आणि खुद्द बायकोचे हात वर्षभर फुटलेले. बेचक्यांत लाल चट्टे, पेरांना चिरा, खाज सुटली की जीव नकोसा व्हायचा. तिला मात्र जेवता जेवता गोळ्या. "घे या, कोरडेपणा आहे." विचारलं काय? काही नाही. गावाला तासभर आणि बायकोला दोन घासांमधली फट. आता याला काय म्हणायचं?

बाईंनीही चालवून घेतलं. पण लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार होती. नातीला आपल्या हातांनी न्हाऊ घालायचं, हे बाईंनी कधीचं मनात धरलेलं. फोनवर लेक अडखळत म्हणाली, "आई, हात बरे नाहीत ना अजून? मग अंघोळीला कुणीतरी बाई लावू. बाळाला टोचतील गं." तिचं चुकलं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. फोन ठेवून बाई ओट्याशी उभ्या राहून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्या आणि पेशंटांच्या ओळीत बाकावर बसल्या. पाळी आल्यावर आत गेल्या. डॉक्टर मान वर न करताच म्हणाले, "बसा. काय त्रास?" मग पाहिलं तर बायको.

"अगं, तू? चहा आणलास?"

"नाही. हात दाखवायला आले. विचारा मला."

"तुला काय विचारायचं?"

"सगळ्यांना विचारता ते."

डॉक्टरांना हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. तहान विचारली, झोप विचारली. राग आला की?

"गिळते," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचं पेन जरा थांबलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "खाज कधी वाढते?"

"दुपारी."

"दुपारी काय करतेस?"

"तुमच्या बाटल्या धुते."

औषधाला कसलाही वास लागता कामा नये, हा डॉक्टरांचा घरातला कायदा. म्हणून कापूर बंद, अत्तर बंद, सुवासिक साबण बंद. काचेच्या छोट्या बाटल्या धुवायच्या त्या धुण्याच्या सोड्यात, कढत पाण्यात. हातमोजेही नाहीत, कारण रबराला वास येतो. कायदा त्यांचा आणि हात बायकोचे. डॉक्टर तिच्या बोटांकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते वाटायलाच हवं होतं.

"गोळी नंतर," ते म्हणाले. "आधी बाटल्या सोड. आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू, मलम लागेल."

त्या दिवसापासून बाटल्या डॉक्टर धुवायला लागले. पण हट्टी माणूस, सोडा काही सोडला नाही. "माझ्या कातडीला काही होत नाही," म्हणायचे. बाईंच्या चिरा मात्र हळूहळू भरून आल्या. गुण गोळीचा, मलमाचा की बाटल्या सुटल्याचा, हे डॉक्टरांना विचारू नका, बाईंना विचारा.

लेक आली. आईचे हात तिनं उलटेपालटे करून पाहिले, पेरांवरून अंगठा फिरवला आणि बाळ त्या हातांत दिलं. बाईंनी नातीला न्हाऊ घातलं. पाण्यात पाय मारणाऱ्या त्या जिवाकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टर टॉवेल घेऊन दारात उभे होते. "आण, मी पुसतो तिला."

लेकीनं त्यांचे हात पाहिले. बेचक्यांत लाल चट्टे, पेरांना चिरा. "बाबा, नको. टोचेल तिला."

डॉक्टरांचा चेहरा पडला. टॉवेल त्यांनी लेकीला दिला आणि हात मागे घेतले. बाईंना हे कसं वाटतं ते चांगलं ठाऊक होतं. त्यांनी बाळ लेकीकडे दिलं, पदराला हात पुसले आणि नवऱ्यापुढे खुर्ची ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या. "तहान किती लागते?"