तलवारवाला गडी आणि आबांचा डोळा

व्हिडिओ गेमवरून चित्रांची पुस्तकं काढतात आणि जपानात त्यांना मांगा म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. मी हा उद्योग नव्वदच्या दशकात दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये केला होता, तोही नाइलाजानं.

दादाकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. त्यात एक तलवारवाला जंगल, नदी, राक्षस पार करत राजकन्येला सोडवायला निघालेला. रिमोटला दादा मला हात लावू देत नसे, मी आपली बघायला. मग कवठे येमाईहून आईचे वडील, आमचे आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले आणि माझ्या शेजारी बसून तेही बघू लागले. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, त्यामुळे चालणाऱ्या माणसाची त्यांना भारी आपुलकी.

ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस टीव्ही बंद केला. आबा घरात पाऊल टाकताच म्हणाले, "पोरी, त्यो गडी कुठवर गेला?"

नुसतं तोंडी सांगून त्यांचं समाधान होईना. मग मी वडिलांच्या जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर जाड स्केचपेननं चित्रं काढू लागले, एका पानावर एकच, चांगलं वीतभर. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून अक्षरांची कटकट नव्हती. ते पान दुसऱ्या डोळ्याजवळ धरत आणि म्हणत, "फुडं?"

आमच्या घरात मला 'पुढं काय' असं तोवर कुणी विचारलं नव्हतं. ती पट्टी निघूच नये असं मला वाटायला लागलं. पापच ते, पण वाटायचं. पट्टी निघाली की आबा टीव्हीपुढं आणि माझं रजिस्टर रद्दीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

काम मात्र मी प्रामाणिकपणे करत होते. टीव्हीवर घडेल तेच कागदावर. नेमका दादा नदीपाशी अडकला. गडी उडी मारायचा, बुडायचा, पुन्हा काठावर उभा. मीही तसंच काढलं. उडी, बुडाला, उभा. अशी नऊ पानं.

नवव्या पानाला आबा भडकले. "ह्यो मेला ना? मंग परत कसा आला?"

"त्याला तीन लाइफ असतात, आबा."

"म्हून काय दर बारीला बुडून बघायचं व्हय? नदी आली की काठाकाठानं माघारी जायचं, उथळ पाणी घावंस्तवर. सांग त्याला!"

मी कागदावर गड्याला माघारी वळवलं आणि उथळ पाण्यातून पार नेलं. आबा खूश व्हावेत म्हणून सोबत चार मेंढरंही दिली. दादा पान बघून खो खो हसला. "गेममध्ये मागं जातं का कुणी?" दुपारी मात्र गुपचूप मागं गेला, तर दोन झाडांपलीकडं खरंच दगडांची वाट निघाली. कॉलनीभर त्यानं तो स्वतःचा शोध म्हणून सांगितला.

पट्टी निघाली, टीव्हीला परवानगी मिळाली. दादानं आबांना मानानं समोर बसवलं. मी रजिस्टर मांडीखाली दाबून दाराशी बसले. पडद्यावर बोटाएवढा गडी दगडांवरून टुणटुण उड्या मारत नदी पार झाला.

आबांनी काळा चष्मा वर सरकवून नीट बघितलं. "आन् ह्याची मेंढरं कुठं ऱ्हायली?"

"ह्यात मेंढरं नसतात, आबा," दादा म्हणाला.

"म्हंजी पल्याड सोडूनच आला?" आबा उठले आणि माझ्याकडं हात पुढं केला. "आण गं तुझं रजिस्टर. ह्याचं काय खरं न्हाई."