सासूबाई दोन ठिकाणी हजर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लढाईच्या त्या वर्षी आमच्या सासूबाई एका दुपारी अडीच तास एकाच वेळी दोन ठिकाणी हजर होत्या. एक ठिकाण म्हणजे खमरियाच्या कॉलनीतलं सभागृह. दुसरं, जबलपूर शहरातल्या एका बांगडीवालीची मागची खोली. पहिल्या ठिकाणच्या हजेरीला पुरावा होता. दुसऱ्या ठिकाणी नुसत्या सासूबाई होत्या.

या चमत्काराला मी जबाबदार. बावीस वर्षांची होते, लग्न होऊन अमरावतीहून आले त्याला सहा महिने झाले होते.

सासरे आणि माझा नवरा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, सासरे तिथल्या हजेरी ऑफिसात. तिथं फाटकाजवळ हुकांचा मोठा फळा होता. प्रत्येक कामगाराचा नंबर घातलेला पितळी बिल्ला असे. आत जाताना टांगायचा, बाहेर येताना काढून न्यायचा. आत काही विपरीत घडलं तर फळा बघायचा, कोण आत आहे ते कळतं. सासऱ्यांचा देवावर विश्वास होता, पण फळ्यावर जरा जास्त होता.

लढाईच्या काही वर्षं आधी शहरात दंगल झाली, तेव्हा आमच्या कॉलनीत दोन दिवस कोणाला कोणाचा पत्ता नव्हता. शेजारच्या वहिनींनी नवऱ्याच्या काळजीनं अन्न सोडलं. नवरा अधारतालला मावसभावाकडे सुखरूप होता आणि वहिनींच्या काळजीनं त्यानंही अन्न सोडलं होतं. म्हणून लढाई सुरू झाल्यावर कॉलनीची समिती बसली, काचांना खाकी कागद आणि अंगणात खंदक असं सगळं ठरलं, तेव्हा सासरे उठून म्हणाले की बॉम्ब पडो की दंगल होवो, पहिला प्रश्न एकच असतो: कोण आहे आणि कोण नाही.

मग त्यांनी सभागृहात तसाच हुकांचा फळा लावला आणि तुपाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून बिल्ले केले. वर क्वार्टरचा नंबर, खाली नातं. आमच्या दाराजवळच्या खिळ्याला चार लटकत: बाबा, आई, मुलगा, सून. नियम सोपा होता. सभागृहासमोर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडला की प्रत्येकानं स्वतः यायचं आणि आपला बिल्ला आपल्या हुकावर लावायचा. जे कामावर असतील त्यांची हजेरी कारखाना घेईल, त्यांचा बिल्ला घरच्यांनी लावावा. बाकी ज्याचा हुक रिकामा, त्याला शोधायला बस निघेल.

पहिल्या सरावाला सगळी कॉलनी आली. दुसऱ्याला निम्मी. पण फळा दोन्ही वेळा भरला.

याचं कारण रॉकेल. कारखान्याच्या फाटकावर दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. पण कॉलनीतल्या रॉकेलच्या रांगेत वेगळा कायदा चाले. तिथं डबा ठेवला की माणूस उभा आहे असं धरायचं. एक बाई आपल्याबरोबर आणखी चार घरांचे डबे घेऊन येई आणि ती पाच जणी आहे याबद्दल कोणी वाद घालत नसे. पत्र्याचा बिल्ला लोकांनी डब्याच्या खात्यात टाकला. सासूबाईंनी तर पहिल्या दिवशीच निकाल दिला होता. "माझी भाजी इथं करपून राहिली अन् मी तिकडे पत्रा टांगाले जाऊ? तू चाललीच आहे तर माझाबी ने."

चौथ्या सरावाला पंचवीसेक जण आलो, प्रत्येकाच्या हातात किल्ल्यांसारखा जुडगा. सासरे फळ्याकडे तोंड करून उभे, म्हणजे सभागृहाकडे पाठ. सगळे हुक भरल्यावर ते समाधानानं मान डोलावत. पाहणीला आलेल्या साहेबांनीही फळ्याचंच कौतुक केलं.

आणि मग एका दुपारी रूळ वाजला तो सरावाचा नव्हता. शहरात अफवा उठली होती, बाजारात दगडफेक सुरू झाली होती, दुकानं धडाधड बंद होत होती. मी चुलीवरचं उतरवलं, खिळ्यावरचे चारही बिल्ले ओढले आणि धावत सुटले. हाताला सवय होती. चारही हुकांवर चार बिल्ले लावून मोकळी झाले.

सासरे ऑफिसातून थेट आले. त्यांनी फळा पाहिला. तीन हुक रिकामे. बाहेर बस उभी होती, संचारबंदी लागायच्या आत एकच फेरी होईल असं पोलिसांनी सांगितलं होतं. सासरे म्हणाले की तिघांसाठी बस कशाला, पोलिसांची गाडी त्यांना आणेल. बस परत जाऊ द्या.

तेव्हा मला आठवलं की सासूबाई सकाळीच, सासरे गेल्यावर, जवानांच्या स्वेटरसाठी लोकर आणायला शहरात गेल्या होत्या. मी गर्दीतून वाट काढत फळ्यापाशी गेले.

"बाबा, आईंचा बिल्ला मी टांगला."

"अच्छा. त्या कुठे आहेत?"

"शहरात."

"फळ्यावर आहेत," ते म्हणाले. वाचून दाखवल्यासारखं म्हणाले. मग त्यांचा हात बिल्ला काढायला वर गेला आणि हुकाशी थांबला. बिल्ला त्यांनी काढला नाही. हातही खाली घेतला नाही.

बसचा ड्रायव्हर दारातून म्हणाला, "बाबूजी, बोर्ड देखूँ या सवारी देखूँ? गाड़ी चालू है."

मागून एक बाई हळूच म्हणाली, "काका, आमच्या सासऱ्यांचाबी मीच लावला."

"ते तर दर वेळी असेच हजर राहतात," दुसरी म्हणाली, आणि लगेच स्वतःच्या नणंदेचं कबूल केलं. तिसरी बोलली, चौथी बोलली. सासरे वळले. त्या फळ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच पाठ केली. मग एकेका माणसासमोर जाऊन, तोंडाकडे बघत, विचारत गेले: तुम्ही आहात, तुमच्या घरचं कोण नाही? पाच मिनिटांत तिघांचे बारा झाले. कोण कुठं असेल तेही प्रत्येकाला विचारून त्यांनी ड्रायव्हरला लिहून दिलं. मी सांगितलं, लोकरीच्या दुकानासमोर बांगडीवाली चाची राहते, आई तिच्याकडे बसल्याशिवाय कधी येत नाहीत. पुढं कितीतरी वर्षं आमच्या कॉलनीत अशीच तोंडं बघून विचारपूस होत असे. बिल्ल्यांना कोणी हात लावला नाही.

बस हवालदाराला घेऊन गेली. सासरे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी चहा नेला, त्यांनी पेला घेतला आणि तसाच धरून ठेवला.  

चाचीकडे काय झालं ते ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. दगड पडू लागले तसं चाचीनं सासूबाईंना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कुलूप घालून स्वतः उंबऱ्यावर बसली. खमरियाची बस आलीय म्हटलं तरी ऐकेना. म्हणाली, कोणीही सांगेल खमरिया; बाईंचा क्वार्टर नंबर बोल. ड्रायव्हरकडच्या कागदावर तो होता. तो बोलला, तेव्हा आतून सासूबाई ओरडल्या की बरोबर आहे, उघड. वेळ जात नव्हता म्हणून चाचीनं खिडकीच्या गजांतून त्यांना दोन्ही हातांत नव्या बांगड्या भरल्या होत्या.

संध्याकाळच्या सुमारास बस वळणावर दिसली. थांबण्याआधीच सासरे दारापाशी पोचले. दोन्ही बाजूंचे दांडे धरून ते पायरीसमोर उभे. चष्मा भिजला होता, पण तो पुसायला हात सोडावा लागला असता. वरच्या पायरीवर सासूबाई, त्यांच्यामागं सगळे.  सगळी कॉलनी बघत होती. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मागं वळून पाहिलं, आणि भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, दारातून बाजूले व्हा ना. मागं अकरा जण उतरायचे आहेत. मग रडा काय रडायचं ते."