स्पायडरचं दार

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही ठाऊक नाही.

कळंबला माझा वरातीच्या गाड्यांचा धंदा. कुणाच्या बापाच्या जिवावर नाही, स्वतः उभा केलेला. एक जुनी मोटार घेतली, गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्या बबन डेंटरकडून तिचं छत कापून घेतलं आणि मागं इंग्रजीत नाव लावलं — स्पायडर. इटलीतल्या उघड्या गाड्यांना असंच म्हणतात, एवढं मोबाईलवर पाहिलं होतं. पहिल्याच वरातीत पुण्याचा एक पाहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "शेठ, गाडी इटलीची आणि स्पेलिंग कळंबचं? आय नाही, वाय लावा!" लोक खिदळले. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही. सौद्यात भल्याभल्यांना घाम फोडणारा मी — आणि माझी चेष्टा एका अक्षरावरून?

पुढची वरात निरगुडसरला. मधे एकच दिवस. बबन म्हणाला, "भाऊ, छत काढल्यापासनं बॉडी मधून बसायला लागलीय. दार नीट लागत नाय. आज खालनं आधाराला लोखंडी चॅनेल मारू, अक्षरं मागनं बघू."

मी त्याच्यावर ओरडलो. आधी नाव! दिवसभर त्याला जुनी अक्षरं उचकटायला, घासायला, रंगवायला, नवी चिकटवायला लावलं. इटलीवाले आय, वाय दोन्ही लिहितात, हे पुढं कळलं — कळून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी निरगुडसरच्या वरातीत, वळणावर दार उघडलं. नवरदेवाची धाकटी बहीण, करवली म्हणून बसलेली — ती रस्त्यावर पडली. तिचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. माणसांनी मला घेरलं. दाराच्या काळजीनं बबन मागून मोटारसायकलवर आला होता. मी त्याच्याकडे बोट केलं — काम यानं कच्चं केलं, मला काय माहीत?

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. का बोलला नाही? बोलला असता तर कुणी ऐकलं असतं? त्यानंतर त्याच्याकडे कुणी गाडी नेली नाही. दुकान गेलं. मीही नेली नाही — न्यायची कुठल्या तोंडानं?

यंदा बबन वारला. दशक्रियेला घाटावर भाषणं झाली, माझंही नाव पुकारलं. त्याची बायको समोरच बसली होती. आता तरी — असं वाटलं. खरंच वाटलं. मग मी माईक धरला आणि म्हणालो, चूक कुणाच्याही हातून होते, मी बबनला केव्हाच माफ केलंय.

त्याच्या बायकोनं मला हात जोडले.