ओट्यावरचं ऊन

बारामतीला नगरपरिषदेसमोर एक बाई अर्ज टाइप करून देते. नाव मी विचारलं न्हाय. बोलायच्या आधी चष्मा पुसते आणि माणसाच्या तोंडाकडं बघते.

शेजाऱ्यानं गच्चीवर दोन मजले चढवायची परवानगी मागितली होती, त्या परवानगीला माझी हरकत. म्हणलं, “लिहा, आमच्या ओट्यावरचं ऊन जाईल.”

“तितं कोण बसतं, आबा?”

“बायको बसायची. दिवाळीत वारली.”

तिनं चष्मा पुसला. “गेलेल्या माणसाची हरकत कोण ऐकत न्हाय. तुमी बसता का?”

“बसवत न्हाय.”

“मग बसा आणि या. खोटं मी टाइप करत न्हाय.”

बाई फटकळ, पण बोलली खरं. दुसऱ्या दिवशी तासभर उन्हात बसून गेलो, तेव्हा तिनं अर्ज टाइप केला. आता रोज बसतो. पाहणीला नगरपरिषदेचं कुणीबी येऊ दे, ओट्यावर माणूस हाय.